पूर्ण भूल

रुक्माबाई : नाही, मी सही नाही करत. गोविंदा आल्यावर पाहू.

विमलबाई : गोविंदा येते कवा? तीन रोजापासून नेरले खरेदी केंद्रावर कापसाची बैलबंडी घेऊन लायनीत उभा हाय. केंद्रवाले कापूस मोजतीन, मंग तो येईन. तोवर माह्या खुब्याचं हाड असंच ठेवतं का मोडून?

रुक्माबाई : त्यानं सकाळी इथल्या कंपाउंडरच्या मोबाइलवर फोन केलता. लाइन सोडली तं नंबर जाते म्हने, अन् एवढा कापूस परत घरात कोंबाले जागा नाही. पन बजावून सांगतलं त्यानं, मोठ्या आईले पुरी भूल देऊ देजो नको म्हने. त्याच्या मांगच्या बंडीवाल्याचा सासरा तसाच गेला. झोपवला तो उठलाच नाही. कमरेत सुई देऊन खालचं अर्धं आंग बधिर करतात ना, तसं करा म्हनला.

विमलबाई : अन् त्याच्यासाठी अजून पाच रोज पडून राहा लागते, हे सांगतलं का त्याले?

रुक्माबाई : सांगतलं. पाच रोज तं पाच रोज, म्हनला.

विमलबाई : त्याचं काय जाते? पडून तं मी हाय.

रुक्माबाई : अन् मी काय आराम करून राह्यली का, मोठ्याबाई? परवापासून तुमचं भांडं मीच देऊन राह्यली. कूस मीच बदलून देते. यवतमाळपर्यंत जीपमधी तुमचा पाय माह्या मांडीवर धरून आली, एक धक्का लागू देला नाही.

विमलबाई : त्याच्यासाठीच म्हनते. अजून पाच रोज तुह्या हातून भांडं घ्याचं नाही मले.

रुक्माबाई : मंग कोनाच्या हातून घेता? पोरगी निशिगंधा दारव्ह्याले बाळंतीन पडून हाय. दुसरं हाय कोन?

विमलबाई : कोनी नाही. हेच तं.

रुक्माबाई : बोला, बोला. आवाज कमी करा, बाजूच्या खाटंवरच्या बाया पाहून राह्यल्या. अन् त्या पाहा, भुलीच्या डॉक्टरीनबाई आल्या.

डॉ. जेबा : आजी, मी डॉक्टर जेबा. उद्या ऑपरेशन ठरलं, तर भूल मी देणार. आधी जरा तपासून घेते. तोंड उघडा. अजून थोडं. दात हलतात का?

विमलबाई : खालचे दोन हलतात. बाकीचे गेले. तू कोनाची पोरगी?

डॉ. जेबा : दारव्ह्याच्या अय्यूब मिस्त्रींची. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात ते. मान मागे टाका बरं. दुखते का?

विमलबाई : मानंले काही नाही झालं.

डॉ. जेबा : पडल्या कशा?

विमलबाई : कापसावरून. औंदा केंद्र उशिरा उघडलं अन् बाजारात भाव नाही, म्हनून गावात सगळ्यायच्याच घरात कापूस हाय. आमची झोपाची खोली आढ्यापर्यंत भरली. रातभर आंग खाजते, बाहेर ओट्यावर झोपतो आमी. गोविंदा बंडी भरून गेला अन् उरलेला ढिगारा दाराकडं घसरला. तो मांगं लोटाले मी चढली, अन् सरकून खाली आली. उंबरठ्यावर आदळली.

रुक्माबाई : मी मोठ्याबाईले म्हनलं होतं, तुमी चढू नका, मी लोटते.

विमलबाई : तू म्हनली म्हनूनच चढली.

डॉ. जेबा : बरं. आता दोघीही नीट ऐका. दीड वर्षापूर्वी आजींच्या छातीत दुखलं होतं, तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे. परवा इथे आल्यावर ती बंद केली, पण तिचा असर आणखी चार-पाच दिवस अंगात राहील. अशा वेळी मणक्यात सुई दिली आणि आत रक्त साचलं, तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणून अर्धी भूल द्यायची असेल तर थांबावं लागेल. पण थांबणंही फुकट नसतं. या वयात आठवडाभर पडून राहिलं की छातीत कफ साचतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताची गाठ होते. हाडाचे डॉक्टर आणि मी, आम्ही दोघं म्हणतो की उद्याच करू. पूर्ण भूल देऊन.

रुक्माबाई : पन म्हाताऱ्या मानसाले पुरी भूल नाही देत म्हनतात, बाई.

डॉ. जेबा : पुष्कळ लोक म्हणतात. काही डॉक्टरही म्हणतात. दमेकरी माणूस असला, छाती खराब असली, तर मीही दहादा विचार करते. आजींची छाती मी ऐकली, फोटो पाहिला, हृदयाची तपासणी बरी आली आहे. औषध तरुण माणसाला देतात त्याच्या निम्मं देईन, तेही हळूहळू. घशात नळी असेल, श्वास मशीन देईल, आणि सगळं होईपर्यंत मी उशाशी उभी राहीन. जोखीम नाही असं मी म्हणणार नाही. पण थांबण्यात जास्त जोखीम आहे.

विमलबाई : दे. पुरीच दे. माह्या हाडावर हातोडा चालन अन् मी तो ऐकत पडीन, असं नको मले.

डॉ. जेबा : मग इथे तुमचा अंगठा. आणि सोबतच्या माणसाची सही लागते. मावशी, तुम्ही करा. सिस्टरनं नात्याच्या जागी ‘बहीण’ लिहिलंय.

रुक्माबाई : मी बहीन नाही मोठ्याबाईची.

डॉ. जेबा : मग जाऊबाई?

विमलबाई : सवत हाय माही. तसंच लिही.

रुक्माबाई : काही बी लिहा. मी सही करतच नाही म्हनलं ना.

डॉ. जेबा : मावशी, जरा व्हरांड्यात या माझ्याबरोबर.

* * *

डॉ. जेबा : बसा या बाकावर. आता सांगा, भीती कशाची वाटते?

रुक्माबाई : गावाची. या उठल्या नाही तं गाव म्हनन, पोरगा घरी नसताना सवतीनं सही केली अन् पुरी भूल देऊन मारली. एकेचाळीस वर्षं एका घरात काढले, ते कोनी नाही पाहन.

डॉ. जेबा : निर्णय आजींचा आहे. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत, त्यांनी हो म्हटलंय. तुमची सही नुसती सोबतीला असते.

रुक्माबाई : अजून एक हाय, बाई. सांगावं का नाही, समजत नाही.

डॉ. जेबा : सांगा. माझ्यापाशीच राहील.

रुक्माबाई : काल हाडाच्या डॉक्टरनं पैल्यांदा पुऱ्या भुलीचं नाव काढलं. मंग मी इथंच येऊन बसली होती. अन् माह्या मनात आलं, होऊन जाऊ दे. नाही उठली तं नाही उठली. दोन घडीच आलं, पन आलं. आता तुमी म्हनता पुरी भूल चांगली. मी हो म्हनीन, ते तुमचं ऐकून म्हनीन का त्या मनानं म्हनीन? माह्या मलेच भरोसा नाही राह्यला. म्हनून हात उठत नाही.

डॉ. जेबा : इतका राग आहे?

रुक्माबाई : राग असता तं भांडून मोकळी झाली असती. हे राग नाही. मी एकोनीस वर्षांची होती तवा मले आनलं. मोठ्याबाईले लेकरू झालं नव्हतं. मले गोविंदा झाला, निशिगंधा झाली. लोक म्हनत, धाकटीचं राज हाय. कायचं राज? वावरात काय पेराचं, ते मालक मोठीले इचारत. बैल घ्याचा तं मोठीले संगं घेऊन बाजारात जात. माह्या पोटच्या पोरीची सोयरीक बी हिले इचारून केली. माह्याकडं येत ते झोपाले. बोलाले हिच्याकडं जात. मी भिंतीच्या अलीकडून ऐकत राहो, दोघं ओट्यावर बसून काय काय बोलत. आवाज यायचा, सबद समजत नव्हते.

डॉ. जेबा : आणि ते वारले त्याला किती वर्षं झाली?

रुक्माबाई : सहा. मरन बी हिच्याच मांडीवर आलं. मी वावरात कापूस वेचून राह्यली होती. शेजारच्या नंदाबाईचा दीर सांगाले आला, तवा सगळं आटपलं होतं. बाया आल्या त्या हिच्या गळ्यात पडल्या. रडाले बी माहा नंबर दुसरा. मी कितीकदा इचारलं हिले, का शेवटी काही म्हनले का ते. माह्या नावानं, लेकरायच्या नावानं. मोठी म्हनते, काही नाही, पानी मांगतलं.

डॉ. जेबा : तेवढंच झालं असेल.

रुक्माबाई : असन. पन पानी बी हिलेच मांगतलं ना.

डॉ. जेबा : मावशी, माझी आजी होती, खैरुनबी. मी शिकत होते तेव्हा तिचाही खुबा असाच मोडला. सगळे म्हणाले, पूर्ण भूल नको, थांबू. मीही म्हणाले. शिकत होते ना, पुस्तकातलं बोलत होते. नवव्या दिवशी छातीत कफ भरून ती गेली. आम्ही सगळे तिच्यावर जीव टाकत होतो, कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. तरी गेली. म्हणून तुमच्या मनात काल काय आलं, ते मी बाजूला ठेवते. भूल कोणती द्यायची हे त्यावर ठरत नाही. तपासून ठरतं, आणि मी तपासलंय.

रुक्माबाई : तुमी उशाशी राहान ना, आखरीपर्यंत?

डॉ. जेबा : नळी काढून, त्यांनी माझ्या हाकेला ओ दिल्यावरच हलेन.

रुक्माबाई : आना तो कागद. दुसरीपर्यंत शिकली मी, अंगठा नाही देत, नाव लिहिते.

डॉ. जेबा : इथे. आणि नातं काय लिहू?

रुक्माबाई : सवतच लिहा. खोटं कायले?

* * *

(ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी.)

रुक्माबाई : बाई, बरं झालं तुमी आल्या. या मले ओळखून नाही राह्यल्या. काल शुद्धीवर आल्या तं चांगल्या होत्या, मले म्हनल्या, चहा आन, साखर जास्त टाकाले सांग. आज सकाळपासून चादरीवरचा कापूस वेचून राह्यल्या. चादरीवर काही नाही, पन हात थांबत नाही. वेचतात अन् बाजूले टाकतात. मी म्हनलं कापूस नाही हो इथं, तं मले झिडकारलं.

डॉ. जेबा : ताप नाही. श्वास चांगला आहे. लघवीही बरी झाली. आजी, माझं बोट धरा. धरा घट्ट. ... हं. मावशी, घाबरू नका. म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर असा भ्रम होतो कधीकधी. बहुतेकांचा दोन-चार दिवसांत उतरतो.

रुक्माबाई : पुऱ्या भुलीनं झालं का? माह्या सहीनं?

डॉ. जेबा : खरं सांगायचं तर भुलीचा थोडा हात असेलही, नसेलही. अर्धी भूल दिलेल्या माणसांनाही असं झालेलं मी पाहिलंय. मोडलेलं हाड, दुखणं, नवी जागा, नीट झोप नाही, सगळं मिळून होतं. हात बांधायचे नाहीत. झोपेचं इंजेक्शन मी शक्यतो देणार नाही. त्यांचा चष्मा कुठे आहे?

रुक्माबाई : माह्या पिशवीत. हरपन म्हनून ठेवला.

डॉ. जेबा : तो लावा. खिडकी उघडी ठेवा, उजेड येऊ द्या. आणि बोलत राहा त्यांच्याशी. आज कोणता वार, आपण कुठे आहोत, घरी कोण कोण आहे. ओळखीचा आवाज कानावर पडला की माणूस लवकर परततो. त्या काही उलटसुलट बोलल्या तर वाद घालू नका.

रुक्माबाई : मीच बोलू? माह्या आवाजानं यायचं डोकं अजून फिरन.

डॉ. जेबा : एकेचाळीस वर्षं ऐकलेला आवाज आहे. दुसरा कोणता आणू? मी संध्याकाळी पुन्हा येते.

रुक्माबाई : मोठ्याबाई, चष्मा लावते, मान हालवू नका. ... आज शुक्रवार हाय. आपन यवतमाळले हावो, दवाखान्यात. तुमचं हाड बसवलं काल. दोन घंटे लागले. मी बाहेर उभीच होती, बसलीच नाही. गोविंदाचा नंबर लागला, कापूस मोजून झाला. उद्या येते तो. निशिगंधाची पोरगी बरी हाय, दूध पेते चांगलं.

विमलबाई : वेच. हातचा सोडू नको.

रुक्माबाई : वेचते.

विमलबाई : नंदे, इतक्या हळू कायले बोलतं? त्यायचा डोळा लागला का?

रुक्माबाई : मी नंदाबाई नाही, मोठ्याबाई. मी रुक्मा.

विमलबाई : रुक्मी वावरात हाय. दिवस कलल्यावर येईन ते. नंदे, तुह्या दिराले पाठवू नको.

रुक्माबाई : कुठी पाठवू नको?

विमलबाई : वावरात. सायकल काढू देऊ नको त्याले. त्यायले सांग, पाठवलं म्हना. नुसतं सांग.

रुक्माबाई : हे कवाचं बोलून राह्यल्या तुमी? मोठ्याबाई, इकडं पाहा. कवाचं?

विमलबाई : पुन्हा म्हनले. रुक्मीले बोलाव. रुक्मीले बोलाव. मी म्हनली, बोलावलं, येऊन राह्यली. दाराकडं पाहून राह्यले ते, नंदे. दार लावून घे.

रुक्माबाई : दार लावलं.

विमलबाई : डोकं मांडीवर हाय. मी नाही उठत. रुक्मी आली का मले उठा लागते.

रुक्माबाई : नका उठू. बसा.

विमलबाई : तू काहून रडतं, नंदे? तुहं कोन गेलं?

रुक्माबाई : कोनी नाही. तुमी वेचा.

* * *

डॉ. जेबा : आजी, आज कोणता वार?

विमलबाई : रविवार. अन् तू अय्यूब मिस्त्रीची पोरगी. अजून काय इचारतं?

डॉ. जेबा : आता काही नाही. मला वाटलंच होतं, काल दुपारपासून नजर ठिकाणावर आली होती. आज वॉकर धरून चार पावलं चालायचं. चार वाजता चालायला शिकवणारा माणूस येईल. त्याआधी खाटेच्या कडेला पाय सोडून बसा, जमलं तर मावशीच्या मदतीनं उभ्या राहून पाहा. चक्कर आली तर लगेच बसा. मावशी, मी काल सांगितलं ते लक्षात आहे ना?

रुक्माबाई : हाय. जा तुमी, बाई. मी पाहते.

विमलबाई : काय सांगतलं काल तिनं तुले?

रुक्माबाई : सांगते. गोविंदा खाली गोळ्या आनाले गेला, तो याच्या आधी बोलून घेऊ. शुक्रवारी तुमी मले नंदाबाई समजल्या होत्या. याद हाय का?

विमलबाई : नाही. कापूस दिसत होता, एवढं याद हाय. लय कापूस. वेचून सरतच नव्हता.

रुक्माबाई : तुमी काही बोलल्या. मी डॉक्टरीनबाईले इचारलं, अशा बोलन्याले खरं मानाचं का. त्या म्हनल्या, कवा खरं असते, कवा सपनासारखं असते, त्याचं मशीन नाही माह्यापाशी. आजी शुद्धीवर आल्या का त्यायलेच इचारा. म्हनून मी दोन रोज गप बसली. आता तुमी नाही म्हना. नाही म्हनल्या तं मी समजीन का भ्रमात बरळल्या. पुन्हा तोंडावर नाही आननार.

विमलबाई : काय बोलली मी?

रुक्माबाई : मालक मले बोलवत होते. दोन-तीनदा. अन् तुमी मानूस पाठवला नाही. नाही म्हना.

विमलबाई : दोन-तीनदा नाही. लय वेळा म्हनले. मी मोजनं सोडून देलं होतं.

रुक्माबाई : म्हनजे खरं हाय.

विमलबाई : खरं हाय. सकाळी नऊले कळ आली छातीत. गोविंदा नेरले डॉक्टर आनाले गेला, तो परतलाच नाही तवर. दुपारी एकले ते गेले. वावर अर्धा कोस. तेवढ्यात तुले दोनदा आनून होत होतं. नंदा म्हनली, दिराले सायकलवर पाठवते. मी म्हनली, थांब. मंग म्हनली, अजून थांब. ते गेल्यावर पाठवला त्याले.

रुक्माबाई : काहून?

विमलबाई : तू घरात आली त्या रोजापासून, तू खोलीत शिरली का मी उठून बाहेर जाची. मले कोनी जा म्हनलं नव्हतं. मीच जाची. चूल पाहाची, बैलायले पानी दाखवाची, काही नसलं तं आंगनात उभी राहाची. पस्तीस वर्षं उठली मी, रुक्मे. त्या रोजी नाही उठली.

रुक्माबाई : तुमी म्हनल्या, पानी मांगतलं.

विमलबाई : पानी बी मांगतलं. तुले बोलवून बोलवून घसा सुकला तवा.

रुक्माबाई : अन् मी इकडं वेडी, समजत राह्यली का सगळं राज तुमचं. पेरनी तुमाले इचारून, बैल तुमाले इचारून. मी भिंतीले कान लावून बसत होती, ते काय बोलतात तुमच्यासंगं म्हनून.

विमलबाई : बैलाचंच बोलत. पान्याचं बोलत. माह्या पोटात किती दुखते, हे पस्तीस वर्षांत एकदा नाही इचारलं. तुह्या पायाले बोरीचा काटा मोडला तवा ओट्यावर बसून तुहा पाय हातात घेतलता त्यायनं. सुईनं काटा काढला. रस्त्यानं लोक जाऊन राह्यले होते.

रुक्माबाई : कवा? मले याद नाही.

विमलबाई : तुले कायले याद राहीन. मले हाय. डावा पाय होता.

रुक्माबाई : सहा वर्षं, मोठ्याबाई. सहा वर्षं मी समजली का मरताना त्यायले माही सय बी नाही आली. ताटावर बसली का हेच मनात. अन् तुमी समोर बसून जेवत होत्या. एकदा तोंड उघडलं असतं तं काय गेलं असतं तुमचं?

विमलबाई : तेच एक होतं माह्यापाशी. सांगतलं असतं तं ते बी तुहं झालं असतं.

रुक्माबाई : अन् मी इथं त्या बाईसमोर रडली. माह्या मनात पाप आलं म्हनून.

विमलबाई : कायचं पाप?

रुक्माबाई : का तुमी भुलीतून उठू नये.

विमलबाई : अन् तरी सही केली?

रुक्माबाई : केली. तुमी उठा म्हनून केली. बाईले तीनदा इचारून केली.

विमलबाई : तुही पाळी असती तं मी केली नसती.

रुक्माबाई : माहीत हाय मले. माफी नाही मांगत तुमी.

विमलबाई : मांगतली तं करतं का माफ?

रुक्माबाई : नाही.

विमलबाई : मंग कायले मांगू?

रुक्माबाई : अजून काय म्हनले ते? सगळं सांगा आता. एक सबद ठेवू नका तुमच्यापाशी.

विमलबाई : निशिगंधाचं नाव घेतलं. गोविंदाले म्हनले, बिडी सोड म्हना. अन् एक तुह्यासाठी होतं. म्हनले, रुक्मीले इचार, मांगच्या वावरातली तूर सोंगाची का अजून ठेवाची.

रुक्माबाई : मले इचार म्हनले?

विमलबाई : तुले. मले वाटलं मलेच इचारून राह्यले. मी म्हनली, ठेवू अजून आठ रोज. तं मान हालवली. म्हनले, तुले नाही, तिले इचार. रुक्मी रोज जाते तिकडं.

रुक्माबाई : सोंगाची होती. शेंगा भरल्या होत्या. मी त्याच रोजी पाहून आली होती.

विमलबाई : मी नाही इचारलं. मंग तेरवी होईपर्यंत कोन वावरात जाते? अर्धी तूर पाखरायनं नेली.

रुक्माबाई : मी आज घरी जाते, मोठ्याबाई. पाचची नेरची एसटी हाय. गोविंदा राहीन तुमच्यापाशी.

विमलबाई : जा. मी अडवत नाही.

रुक्माबाई : तुमच्यासमोर बसाले होत नाही आज.

विमलबाई : समजलं मले. गोविंदाले काय सांगशीन?

रुक्माबाई : काही नाही. बैलं उपाशी असतीन म्हनीन. बापाचं त्याले कायले सांगू? तुमाले मोठी आई म्हनते तो.

विमलबाई : किती वाजले?

रुक्माबाई : तीन वाजून गेले. उठा आता. पाय खाली सोडा. हळू. तो नाही, आधी बरा पाय सोडा. हं. बसा अशा. डोकं फिरते का?

विमलबाई : थोडंसं. थांबन आपोआप. खांदा दे तुहा.

रुक्माबाई : वॉकर धरा. खांदा नाही देत मी आज.

विमलबाई : उद्या?

रुक्माबाई : उद्याचं उद्या पाहू. मी मांगं उभी हाय. दुखरा पाय आधी टाका.